एक चावी, एक जागा

मी ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी बोलतेय. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. इस्पितळात माणसं सिलिंडर बघतात, नळी बघतात, नाकावरचा मास्क बघतात. सिलिंडरच्या डोक्यावर एक चौकोनी खुंटी असते आणि ती फिरल्याशिवाय आतली हवा आतच राहते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती खुंटी मी फिरवते. वीतभर लोखंड, एका टोकाला आडवी मूठ, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. एवढंच माझं शरीर आणि एवढंच माझं काम.

भोपाळात श्वासाचं नाव काढलं की लोक एकाच रात्रीबद्दल बोलायला लागतात. माझी गोष्ट त्या रात्रीची नाही. माझी गोष्ट भर सकाळची, साडेअकराची, कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या चकचकीत इस्पितळातली आहे. ज्याने मला घडवलं तो भालचंद्र माझ्यावाचून गुदमरून मेला. तेव्हा मी दोन रस्ते पलीकडच्या हॉलमध्ये स्टेजवर होते आणि लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते.

भालचंद्र कारखान्याच्या टूल रूममध्ये फिटर होता. त्याचे वडील नागपूरहून नोकरीसाठी इकडे आले, टाऊनशिपच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि रिटायर व्हायच्या आधीच गेले. त्यांच्या जागी भालचंद्र लागला. घरात आई आणि धाकटा भाऊ अनंत. अनंतने सातवीत शाळा सोडली होती. आता तो वीस वर्षांचा होता आणि अशोका गार्डन वस्तीतल्या एका गॅरेजात स्कूटर दुरुस्त करायचा.

एक दिवस इस्पितळाची ऑर्डर टूल रूममध्ये आली. ऑक्सिजनच्या चाव्या, नग सहा. काम फालतू होतं, कोणालाही चाललं असतं. पण भालचंद्रने ते मागून घेतलं. त्याला लहानपणापासून दमा होता. थंडीत दोन-तीनदा त्याने ती हवा नाकातून घेतली होती. भोक मशीनवर पडतं, पण चौकोन हातानेच कानशीने घासावा लागतो. तो माझा चौकोन घासायचा, खुंटीवर बसवून बघायचा, पुन्हा घासायचा.

फोरमन मागे येऊन उभा राहिला. "अरे भाई, चाबी बना रहा है कि जेवर?"

"साहब, जिसको लगेगी उसके पास टाइम नहीं होगा," भालचंद्र म्हणाला. "पहले झटके में बैठनी चाहिए."

माझ्या पाच बहिणी दुसऱ्या वॉर्डांत आणि स्टोअरमध्ये गेल्या. मी पुरुषांच्या वॉर्डात आले.

तिथे मी काशिनाथच्या कमरेला राहायचे. काशिनाथ म्हणजे वॉर्डाचा जुना अटेंडंट. त्याने मला करदोट्याला अडकवलं होतं. त्याच्या घामाने मला गंज चढायचा, विडीचा वास यायचा. पण सिलिंडर उघडायचा हुकूम झाला की त्याचा हात आपोआप कमरेला जायचा. अडचण एकच होती. काशिनाथ चहाला गेला की मीही चहाला जायचे. मग वॉर्डात ओरडा व्हायचा, "काशिनाथ! चाबी कहाँ है? काशिनाथ!" पलंगावरची माणसं तो ओरडा ऐकून अर्धमेली व्हायची. एकदा तर तो मला घेऊन घरी निघाला आणि रत्नप्रभा सिस्टर बसस्टॉपपर्यंत त्याच्यामागे धावत गेली.

रत्नप्रभा वॉर्डाची इनचार्ज होती. अमरावतीकडची, पंचेचाळीसची, तोंडाने फटकळ. पहाटे पाचला सगळ्यांना उठवायची. ऑपरेशन झालेल्याला दुसऱ्याच दिवशी चालायला लावायची. साखरेच्या रोग्याच्या उशीखालची जिलबी काढून कचऱ्यात टाकायची आणि वर म्हणायची, "मरायचंय तर घरी मर, माझ्या वॉर्डात नाही." तिच्या हातचं इंजेक्शन कधी सुजलं नाही. तिच्या वॉर्डात पडून पडून पाठीला जखमा झालेला रोगी मी पाहिला नाही.

दुसरी सिस्टर शालिनी. चोवीस वर्षांची, गोड बोलणारी. प्रत्येकाला काका, दादा, बाबा म्हणायची. औषधाची वेळ कधी कधी चुकायची, पण विचारपूस चुकायची नाही.

त्या वर्षांत कारखान्यात क्वालिटी सर्कलचं वारं शिरलं होतं. सात-आठ कामगारांनी मिळून एक गट करायचा, आपल्या कामातली एक अडचण शोधायची, ती दूर करायची आणि मोठ्या साहेबांपुढे मांडून दाखवायची. चांगलं मांडलं की बक्षीस. मग इस्पितळालाही हुकूम आला. नर्सबायकांनीही सर्कल काढावं. पहिलं काम म्हणून रोग्यांकडून एक फॉर्म भरून घेतला गेला. सेवा कशी वाटली? उत्तम, ठीक की खराब?

शालिनीला उत्तम मिळालं. वॉर्डाच्या चादरींना उत्तम मिळालं. चहाला ठीक. रत्नप्रभाला निम्म्या लोकांनी खराब लिहिलं होतं. एकाने तर लिहिलं होतं की ही बाई हॉस्पिटलऐवजी जेलमध्ये पाहिजे. तिने तो फॉर्म टेबलाशी बसून दोनदा वाचला. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि इंजेक्शनची सिरिंज उकळायला गेली.

माझ्याबद्दलही आलं होतं. 'चाबी के लिए चिल्लाते हैं, डर लगता है.' अकरा जणांनी हेच लिहिलं होतं.

त्याच पावसाळ्यात भालचंद्र दम्याने ॲडमिट झाला. चार दिवसांत बरा झाला आणि पलंगावर बसून सिस्टरला शिकवायला लागला.

"सिस्टर, तुमचा प्रॉब्लेम माणसाचा नाही, जागेचा आहे."

"मला शिकवू नकोस. आधी ते दूध पी."

"पितो. पण ऐका तर. आमच्या टूल रूममध्ये भिंतीवर फळा आहे. प्रत्येक हत्याराचा आकार त्यावर रंगवलेला. जागा रिकामी दिसली की कळतं, काय गेलं. आणि हत्यार पाहिजे तर आपलं पितळी टोकन त्या जागेच्या खुंटीला अडकवायचं. टोकनावर नंबर असतो. कोणी नेलं, लगेच समजतं. एक हत्यार, एक जागा. दहा वर्षांत एक पाना हरवला नाही."

अनंत डबा घेऊन आला होता. तो स्टुलावर बसून हसला. "दादा, ये अस्पताल है, फॅक्टरी नहीं."

"तू गप रे. तुझ्या गॅरेजात दहा नंबरचा पाना सापडतो का कधी?"

"हाथ में रहता है तो ढूँढना क्यों?"

सगळा वॉर्ड हसला. रत्नप्रभा मात्र हसली नाही. ती भालचंद्रच्या पलंगाच्या कडेला बसली. तिला रोग्याच्या पलंगावर बसलेली मी तेवढीच एकदा पाहिली. "काढून दाखव," ती म्हणाली. भालचंद्रने तापाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने फळा काढून दिला. घरी गेल्यावर टूल रूममधून तो बनवूनही आणला. हिरवा रंग, वर काचेचं दार, दाराला कुलूप, आत माझ्या आकाराची पांढरी सावली रंगवलेली. वर अक्षरं: एक चाबी, एक जगह.

सहा नर्सना सहा टोकनं मिळाली. कुलपाची किल्ली इनचार्जच्या कमरेला. स्टोअरमधल्या जास्तीच्या चाव्या टूल रूमला परत गेल्या, कारण जास्तीच्या चाव्यांनीच गोंधळ होतो असं ठरलं. दुसऱ्या वॉर्डांनीही तसेच फळे मागून घेतले.

काशिनाथने मला करदोट्यातून सोडवून दिलं आणि विचारलं, "बाई, टूल रूम की खिड़की पे दिनभर एक आदमी बैठा रहता है. यहाँ कौन बैठेगा?"

"तू बसणार नाहीस एवढं नक्की," रत्नप्रभा म्हणाली. पुन्हा सगळे हसले. काशिनाथला टोकन मिळालं नाही. अटेंडंटला कशाला पाहिजे टोकन?

खोटं सांगत नाही. पाच महिने फळ्याने चांगलं काम केलं. ओरडा थांबला. मी तीस सेकंदांत हातात यायचे. चार माणसं माझ्या डोळ्यांदेखत निळी पडून पुन्हा गुलाबी झाली. पुढच्या फॉर्ममध्ये रोग्यांनी लिहिलं, वॉर्ड में शांति है. आणि मला, मला तर ते फार आवडलं. घाम नाही, विडी नाही. दर शनिवारी तेलाचं फडकं. काचेआड बसून मी स्वतःला मोठी समजायला लागले. येणारे जाणारे माझ्याकडे बघायचे.

जानेवारीत भालचंद्र पुन्हा आला. या वेळी न्यूमोनियासकट. पहिले तीन दिवस त्याला माझी सारखी गरज लागली. चौथ्या दिवशी ताप उतरला, नळी निघाली. सिलिंडर पलंगाशीच ठेवला होता. हवा गळू नये म्हणून काशिनाथने त्याची खुंटी मला धरून करकचून आवळली.

सहाव्या दिवशी सर्कलचं प्रेझेंटेशन होतं. मोठे साहेब म्हणाले होते, "मॉडल-वॉडल नहीं चाहिए, असली चीज दिखाइए." सकाळी रत्नप्रभा भालचंद्रच्या पलंगापाशी आली. कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, केसांत एकही बट सुटलेली नाही.

"फळा घेऊन जाऊ का? दोन तासांचा प्रश्न आहे. दुसऱ्या कोणाला सध्या हवा लागलेली नाही."

"न्या की," भालचंद्र म्हणाला. "फळ्याशिवाय काय दाखवणार? माझं नाव घ्या म्हणजे झालं."

"छाती भरल्यासारखी वाटतेय?"

"अहो, ठणठणीत आहे. जा, बक्षीस घेऊनच या. खराब लिहिणाऱ्यांना बसू दे चिमटा."

ती हसली. फळा भिंतीवरून उतरला. मी काचेआड बसूनच गेले.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत तीन जज, त्यातल्या एकाच्या गळ्यात स्टॉपवॉच. सगळ्या वॉर्डांच्या इनचार्ज टाळ्या वाजवायला आल्या होत्या, आपापल्या कुलपांच्या किल्ल्या कमरेला लावून. आधी नाटिका झाली. आमच्या इस्पितळाचा कंपाउंडर रमेश रोग्याचा भाऊ झाला होता. तो "चाबी! चाबी कहाँ है?" करत स्टेजभर धावला, खुर्चीला अडखळला, धोतर सावरलं. लोक पोट धरून हसले. पूर्वी असं व्हायचं, हे दाखवायचं होतं. मग रत्नप्रभा माइकपाशी उभी राहिली. "पहले चाबी ढूँढने में औसत छह मिनट लगते थे," ती म्हणाली. "अब तीस सेकंड."

तेवढ्यात दाराशी झटापट झाली. प्यून कोणाला तरी अडवत होता. "अंदर जज लोग बैठे हैं, अरे सुनो तो." आणि त्याला ढकलून अनंत आत आला. ग्रीसचा शर्ट, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"चाबी दो! दादा की साँस रुक रही है! चाबी दो जल्दी!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. मागून कोणी शिट्टी वाजवली. रमेश नाटिकेत हेच बोलला होता, जवळपास याच शब्दांत.

"वाह, ये वाला ज्यादा अच्छा है," एक जज म्हणाला. "इसका टाइम लीजिए." दुसऱ्याने स्टॉपवॉच दाबलं.

"नाटक नहीं है!" अनंत ओरडला. लोक आणखी हसले.

रत्नप्रभाने त्याला ओळखलं. तिचा चेहरा मी काचेतून पाहिला. तिने कमरेची किल्ली काढली, ती खाली पडली, उचलली, कुलूप उघडलं. आणि मग तिच्या हाताने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. पाच महिने तिने तीच रीत सगळ्या नर्सना शिकवली होती. त्या हाताने आधी खिशातलं पितळी टोकन काढलं, तो ते फळ्यावरच्या खुंटीला अडकवायला गेला, टोकन घसरलं, पुन्हा अडकवलं, आणि मगच मला काढून अनंतला दिलं.

"बाईस सेकंड!" जज म्हणाला. हॉल टाळ्यांनी दुमदुमला.

अनंत धावला. त्याच्यामागे रत्नप्रभा स्टेजवरून उतरून धावली. "मैडम, सवाल-जवाब बाकी है," असं माइकवर कोणीतरी म्हणत होतं.

सायकलच्या हँडलवर अनंतच्या मुठीत मी दाबली गेले होते. दोन रस्ते, एक चौक, इस्पितळाचं गेट. डबा द्यायला आलेल्या अनंतला वॉर्डातून हॉलपर्यंत जाताना आणि येताना मिळून सोळा मिनिटं लागली. लोकांनी नंतर हिशेब केला, म्हणून मला माहीत.

वॉर्डात काशिनाथ पक्कड घेऊन सिलिंडरशी झटत होता. खुंटीवर पकडीचे ओरखडे उठले होते, त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. त्यानेच आवळलेली खुंटी त्यालाच फिरेना. तो कॅज्युअल्टीत धावून आला होता, बायकांच्या वॉर्डात धावून आला होता. सगळीकडे चावी होती. काचेआड, कुलपात. किल्लीवाल्या हॉलमध्ये. कॅज्युअल्टीची काच त्याने स्टुलाने फोडायला घेतली तेव्हा तिथल्या नर्सने त्याचा हात धरला होता. म्हणाली, जज लोक इकडे बघायला येणार आहेत.

शालिनीने इंजेक्शन दिलं होतं, डॉक्टरांना बोलावलं होतं, आणि आता ती पलंगावर बसून भालचंद्रचा हात धरून होती. "काही होणार नाही दादा, काही होणार नाही," असं म्हणत होती. भालचंद्र उशीवर पालथा वाकलेला होता. त्याचे ओठ शाईसारखे.

अनंतने मला खुंटीवर घातलं. मी पहिल्या झटक्यात बसले. फिरले. हवा सुटली, आवाज करत. मास्क लावला. डॉक्टर छाती दाबत राहिले. मी उघडी राहिले, वीस मिनिटं, आणि ती हवा भालचंद्रच्या तोंडावरून वाहून खोलीत गेली. तिचा उपयोग काही झाला नाही, नुसता आवाज झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बंद करो." काशिनाथने मला उलटं फिरवलं.

डॉक्टरांनी अनंतच्या खांद्यावर हात ठेवला. "अटैक बहुत तेज था. ऑक्सीजन मिलती तो भी पक्का नहीं कह सकते."

मलाही पक्कं माहीत नाही. पण वाचला नसता, असंही ते म्हणाले नाहीत.

रत्नप्रभा धापा टाकत आली तेव्हा सगळं झालं होतं. अनंतने तिला आईवरून शिवी दिली. भर वॉर्डात. तिने भालचंद्रला सरळ निजवलं, डोळे मिटले, जबड्याला पट्टी बांधली, हात नीट ठेवले, तोंडाचा फेस ओल्या कापसाने पुसला. हे सगळं वेळेत करावं लागतं, नाहीतर शरीर आखडतं. तिच्याशिवाय कोणाला ते आठवलं नव्हतं. शालिनी कोपऱ्यात हमसून रडत होती.

शेजारच्या पलंगावर शांताराम नावाचे म्हातारे होते. ते पलीकडच्याला म्हणाले, "बघा, डोळ्यात टिपूस नाही त्या बाईच्या. दगड आहे दगड. आणि ती पोर बघा. शेवटपर्यंत हात सोडला नाही. याला म्हणतात सेवा."

पलीकडच्याने मान हलवली. दोघांनी त्या आठवड्यात फॉर्म भरला असणार. काय लिहिलं असेल ते तुम्हीच समजा.

मग क्लार्क आला. बॉडी न्यायचा कागद त्याने अनंतपुढे ठेवला आणि खाली आणखी एक कागद. "भैया, ये भी भर दो. सबसे भरवाते हैं, नियम है."

अनंत अक्षरं जुळवत वाचतो. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. 'आवश्यक उपकरण समय पर मिला? उत्तम, ठीक, खराब.'

"ये किसने लिखा?"

"ये वाला?" क्लार्क म्हणाला. "ये तो तुम्हारे भैया ने ही जुड़वाया था. पिछली बार जब भरती थे."

अनंतने फॉर्म तसाच कोरा ठेवला. सिलिंडरपाशी आला, मला खुंटीवरून ओढून काढलं आणि शर्टात घातलं. काशिनाथने पाहिलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पहिलं बक्षीस आमच्याच सर्कलला मिळालं. जज परगावचे होते, संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. टूल रूमने दुसऱ्याच दिवशी नवी चावी करून दिली आणि फळ्यावर माझ्या सावलीत ती जाऊन बसली.

भालचंद्रचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नप्रभा गॅरेजात आली. घरची साडी नेसलेली, त्यामुळे ती मला आधी ओळखूच आली नाही. अनंत एका स्कूटरचं चाक उघडून बसला होता. मी पान्यांच्या डब्यात होते. मागच्या रुळांवरून मालगाडी चालली होती, ती जाईपर्यंत रत्नप्रभा उभी राहिली.

"अनंत."

"गाड़ी लाई हो?"

"मराठीत बोल माझ्याशी."

"मराठीत मला फक्त शिव्या येतात. ऐकणार?"

"ऐकेन. हव्या तेवढ्या दे. आधी माझं काम ऐक." ती स्टूल न मागता तशीच उभी होती. "नवी चावी पुन्हा कुलपात आहे. मी साहेबांना म्हटलं, फळा काढा. ते म्हणाले, बक्षीस मिळालेली गोष्ट हलवायची नाही, दिल्लीचे लोक बघायला येणार आहेत. दुसरी चावी मागितली. नाही म्हणाले. एक चावी, एक जागा. तुझ्याकडची चावी कुठल्याच हिशेबात नाही. ती मला दे. मी सिलिंडरच्या मानेला बांधते, कापडाखाली. कोणाला दिसणार नाही."

तिने पर्समधून पांढऱ्या बँडेजची एक पट्टी काढली. चार घड्या घातलेली, बांधायच्या मापाची कापून आणलेली.

"हे आधी सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

"माझ्या भावाला मारून सुचलं."

"हो," ती म्हणाली.

अनंतने चाकाचा एक नट पुन्हा आवळला.

"तुझ्या दादाच्या पलंगावर आता एक वेल्डर आहे," ती म्हणाली. "दमाच आहे. दोन लहान मुली आहेत त्याला."

अनंतने डब्यातून मला काढलं. ग्रीसच्या हाताने माझा चौकोन पुसला. "ही दादाने बनवली आहे."

"माहीत आहे."

"मग तुमच्या वॉर्डाची कशी?"

"वॉर्डासाठीच बनवली ना रे त्याने."

अनंत पेटला. "टोकन आणलं? टोकनाशिवाय चाबी मिळते का तुमच्याकडे?"

रत्नप्रभाने पर्समध्ये हात घातला. ते टोकन तिच्याजवळ होतं. एक नंबर. तिने ते त्याच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता सुटले. अनंतने टोकन उचललं आणि गॅरेजामागच्या रुळांकडे भिरकावून दिलं.

"जा. आणा उचलून."

ती गेली नाही. "तुला वाटतंय मी माफी मागायला आले," ती म्हणाली. "माझी माफी घेऊन तुझा दादा येणार नाही. मी त्या वेल्डरसाठी आलेय."

"तुमचा वेल्डर मरू दे." तो ओरडला तेव्हा समोरच्या पानवाल्यानेही वळून बघितलं. "मग त्याचा भाऊ इथे येईल. मग आम्ही दोघं मिळून फॉर्म भरू. निघा."

ती निघाली. रस्ता ओलांडताना तिचा पाय थोडा लचकत होता. त्या दिवशी स्टेजवरून उतरताना मुरगळला असावा. बँडेजची पट्टी तिथेच राहिली. अनंतने ती उचलली. फेकायला हात वर केला, आणि मग खाली घेतला. तिच्या टोकाला मला बांधलं आणि ती पट्टी स्वतःच्या गळ्यात घातली.

तेव्हापासून मी तिथे आहे, त्याच्या शर्टाच्या आत. पट्टी काळी पडली आहे. तो किक मारतो तेव्हा मी त्याच्या बरगडीवर आपटते. दम घ्यायला थांबतो तेव्हा त्याची छाती वर येते, खाली जाते, आणि मीही वर येते, खाली जाते. चांगली छाती आहे. तिला माझी गरज नाही. आई जेवताना म्हणते, "काढ रे ते लोखंड गळ्यातलं." तो काढत नाही. तिला वाटतं, भावाची आठवण म्हणून ठेवलंय. तसं आहेही. पण आठवण म्हणून जपायला मला केलेलं नव्हतं. भालचंद्रने माझा चौकोन दोन दिवस घासला तो दुसऱ्या कोणाच्या तरी श्वासासाठी.

अनंता, तुला ऐकू येत असेल तर ऐक. इथून इस्पितळ सायकलवर अर्धा तास. दुपारी काशिनाथची ड्युटी असते. सिस्टरचं तोंडही बघू नकोस. गेटवर त्याला बोलाव, माझी पट्टी त्याच्या हातात दे, एक शब्द बोलू नकोस आणि परत फीर. पुढचं तो करेल, त्याला सांगावं लागणार नाही. तिला माफ करू नकोस. मी ते मागत नाही. मला फक्त सिलिंडरपाशी पोचव.

त्या पलंगावरचा वेल्डर घरी गेला की नाही, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तू विचारलं नाहीस.